जुन्या महिंद्रा पिकअपचं मॅन्युअल शोधताय? आधी इंजिन कुठलंय ते बघा

जुनी बोलेरो पिकअप किंवा कॅम्पर घेतली की माणूस पहिल्या आठवड्यातच मोबाईलवर "महिंद्रा पिकअप वर्कशॉप मॅन्युअल" असं टाकून शोधायला लागतो, आणि समोर छान चारशे-पाचशे पानांची पीडीएफ येते, इंग्रजीत, एकदम व्यवस्थित, फोटो-बिटो सगळं. ती डाउनलोड करण्याआधी पहिल्या पानावरचं गाडीचं तोंड नीट बघा. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत महिंद्रा "पिक अप" या नावाने जी गाडी विकते ती स्कॉर्पिओवर बेतलेली आहे, आपल्याकडे तिला स्कॉर्पिओ गेटअवे म्हणायचे. आपल्या कांदा-टोमॅटो वाहणाऱ्या पिकअपशी तिचा इंजिनापासून पुढच्या सस्पेन्शनपर्यंत फारसा संबंध नाही. आपल्या पिकअपला पुढे सहसा पाटे (लीफ स्प्रिंग), तिला नाहीत, एवढं एक बघितलं तरी कळतं. तरी लोक ती पीडीएफ पैसे देऊन घेतात आणि मग त्यातला टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा, आपल्या इंजिनाच्या हेडला लावतात.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, गाडीच्या नावाने मॅन्युअल शोधू नका, गाडीत प्रत्यक्षात काय बसलंय त्याच्या नावाने शोधा. पंधरा-वीस वर्षं फिरलेल्या पिकअपमध्ये इंजिन एका जमान्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आणि हौदा तिसऱ्यानेच बांधलेला, हे आपल्याकडे अगदी कॉमन आहे.

सुरुवात आरसीपासून करा. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, सिलिंडर किती, व्हीलबेस, रिकाम्या गाडीचं वजन आणि क्यूबिक कपॅसिटी असं सगळं असतं. यातला क्यूबिक कपॅसिटीचा आकडा सोन्यासारखा आहे आणि तोच कोणी बघत नाही. गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर येतं "अडीच लीटर", पण महिंद्राची अडीच लीटरची इंजिनं एकापेक्षा जास्त आहेत. २५२३ लिहिलं असेल तर ते एमडीआय घराण्यातलं इंजिन. २४९८ असेल तर ते प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर बनलेलं एक्सडी३पी, जे पहिल्या बोलेरोत आणि त्या काळातल्या इतर काही महिंद्रा गाड्यांत यायचं. २११२ दिसलं तर अजून जुनं, प्यूजोचंच एक्सडीपी ४.९०, एमएम ५४० जीपवालं. २५२३ आणि २४९८ यात फरक फक्त २५ सीसीचा, पण हेड पॅकिंगपासून पिस्टनपर्यंत एकही वस्तू एकमेकांना लागत नाही. दुकानदाराने "बोलेरो अडीच लीटरचं पॅकिंग" म्हणून काहीतरी हातात ठेवलं की तिथंच थांबा आणि आकडा सांगा.

टाटावाल्यांचं या बाबतीत सोपं आहे, त्यांनी आकडा नावातच घातलाय. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर, ८३ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), जुन्या टाटा मोबाईल २०६ मधलं १९४८ सीसीचं इंजिन. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, २०७ डीआय मधलं २९५६ सीसी. असो, २०७ वर परत कधीतरी.

आता २५२३ वाल्याची गंमत. याचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १०१.६ मिमी. असले विचित्र आकडे का, तर इंचात बघा, बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. हे इंजिन मूळचं ट्रॅक्टरचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरचं १५४ घन इंचाचं डिझेल, बी-४१४ ट्रॅक्टरमध्ये असायचं ते, त्याच मापाचं. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, तिथून ही रेषा येते. खात्री करायची असेल तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करा, बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, त्याला ०.७८५४ ने गुणा, मग सिलिंडरच्या संख्येने गुणा. ८८.९ × ८८.९ × १०१.६ × ०.७८५४ × ४ केलं की साधारण २५,२२,६०० घन मिमी येतं, हजाराने भागलं की २५२२.६ सीसी, म्हणजे आरसीवरचे २५२३. हेच गणित कुठलंही मॅन्युअल तुमच्या इंजिनाचं आहे का हे तपासायला वापरा, कारण पीडीएफच्या कव्हरवर काय लिहिलंय त्यापेक्षा आतल्या पानावर बोअर-स्ट्रोक काय दिलाय ते खरं. १०० मिमी स्ट्रोक दिसला तर बंद करा ती फाईल.

ट्रॅक्टरचं मूळ कळल्याचा फायदा असा की जुनं ट्रॅक्टरचं पुस्तक मिळालं तरी इंजिन कसं उघडायचं, कुठली गोष्ट कुठल्या क्रमाने येते, हे समजायला ते उपयोगी पडतं. पण त्यातले आकडे उचलू नका. ट्रॅक्टरचा पंप वेगळ्या आरपीएमला बांधलेला असतो, टायमिंग वेगळं, पुढे टर्बो लागल्यावर पिस्टन वगैरे बदलले. समजण्यासाठी ट्रॅक्टरचं पुस्तक, मापासाठी आपल्याच इंजिनाचं.

२४९८ वाल्यांसाठी उलट जास्त चांगली बातमी आहे. एक्सडी३ हे इंजिन प्यूजो ५०५ मध्ये होतं आणि त्या गाडीची मॅन्युअलं इंग्रजी-फ्रेंच दोन्हीत भरपूर छापली गेली, त्यातला इंजिनाचा भाग वाचायला मिळतो. ओळख म्हणजे हेडमध्ये बसवलेले हीटर प्लग, त्यांना जोडणारी पट्टी किंवा वायर, आणि सकाळी चावी फिरवली की आधी हीटरचा दिवा. हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात न जाता आधी हेडमधल्या छोट्या खोलीत जातं, प्लगशिवाय थंडीत सुरू व्हायला त्रास देणारच. फक्त एक लक्षात ठेवा, प्यूजोच्या पद्धतीत १ नंबरचा सिलिंडर फ्लायव्हीलकडून मोजतात आणि आपल्याकडचे मिस्त्री सवयीने फॅनकडून मोजतात. त्यामुळे पुस्तकात "१ नंबर टीडीसीला आणा" (म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर आणा) असं असेल तर पुस्तक कुठल्या बाजूने मोजतंय ते आधीच्या पानांत शोधा, नाहीतर पंपाचं टायमिंग बरोबर एक फेरा चुकतं.

आता २५२३ मध्येसुद्धा दोन जाती आहेत. एक साधं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), मेकॅनिकल पंपवालं. टर्बो लागलेल्या बोलेरो डीआयला कंपनीचा आकडा ३२०० आरपीएमला ६३ पीएस आणि साधारण १४४० ते १५०० आरपीएमला १८० एनएम असा यायचा. दुसरं एम२डीआयसीआर, म्हणजे तेच २५२३ सीसी पण कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल), ४६.३ किलोवॅट ३२०० ला आणि १९५ एनएम १४०० ते २२०० मध्ये. ४६.३ ला १.३६ ने गुणलं की परत ६३ पीएसच येतात, म्हणजे कागदावर ताकद तेवढीच, पण टॉर्कचा पट्टा किती रुंद झाला बघा, घाटात सारखे गिअर बदलावे लागत नाहीत ते यामुळे.

कुठलं कुठल्या सालात, याला सरळ उत्तर नाही, आणि त्याला कारण भारत स्टेज (बीएस) या धुराच्या नियमांचं वेळापत्रक आहे. २०१० मध्ये देशभर बीएस ३ आलं तेव्हा १३ शहरांत थेट बीएस ४ आलं, त्यात मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूरही होतं. बाकी देशभर बीएस ४ एप्रिल २०१७ ला आलं. म्हणजे मधल्या सात वर्षांत पुण्यात विकलेली आणि बीडमध्ये विकलेली, एकाच महिन्यात बनलेली पिकअप बाहेरून हुबेहूब आणि आत इंधनाची सिस्टीम वेगळी असू शकते. त्यामुळे "२०१३ मॉडेलचं मॅन्युअल द्या" हे वाक्य अर्धवट आहे, त्यात बीएस किती ते जोडा. बॉनेट उघडून बघितलं तरी कळतं, चारही इंजेक्टरच्या डोक्यावर इलेक्ट्रिक सॉकेट आणि वायर असेल तर कॉमन रेल, नुसते लोखंडी पाईप असतील तर मेकॅनिकल.

आणि हा फरक जिवावरचा आहे, थोडं सविस्तर लिहितो. मेकॅनिकल पंपाच्या गाडीला कुठला सिलिंडर मार खातोय हे बघायला मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोजलचा पाईप नट ढिला करतात, आवाज बदलला तर तो सिलिंडर चालतोय, नाही बदलला तर तोच आजारी. जुनी आणि कामाची युक्ती आहे, पिढ्यानपिढ्या चालत आलीय. कॉमन रेलवर हे चालू इंजिनाला अजिबात करायचं नाही. तिथं पाईपमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं, नटातून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून सुईएवढं भोक दिसतं आणि आतून हाताचं नुकसान झालेलं असतं. असं कोणाला झालं तर मलम लावत बसू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय हे सांगा. या गाड्यांना स्कॅनर लावूनच बघायचं.

चेसिस नंबर बघायला गाडीखाली जावंच लागतं. वायर ब्रशने लाँग मेंबर (चेसिसचा लांब दांडा) साफ करा, रॉकेल-डिझेलने पुसा, आणि आरटीओला देतो तशी पेन्सिल प्रिंट काढून घ्या, ती आयुष्यभर कामाला येते. नंबर १७ अक्षरी असेल तर महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो आणि १० वं अक्षर सहसा वर्षाचं असतं, १ ते ९ म्हणजे २००१ ते २००९, मग ए म्हणजे २०१०, बी २०११, असं पुढे, आय, ओ, क्यू ही अक्षरं गाळून. इंजिन नंबर पण आरसीशी जुळवा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर चढवलेलं नसेल तर मॅन्युअलचा घोळ दुय्यम, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत केलेल्या बदलांचा) घोळ पहिला, तो आधी निस्तरा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, तिथं हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

गिअरबॉक्सचं नाव पण काढायला पाहिजे. महिंद्रात या काळात केएमटी-९०, बीए-१०, एनजीटी-५२० असे बॉक्स येऊन गेले, आणि बीए-१० हा परत प्यूजोचाच. केसिंगवर ओतीव अक्षरं असतात, चिखल खरवडला की दिसतात. नाव कळल्याशिवाय ऑइल भरू नका आणि "सगळ्यात नव्वदच चालतं" (नव्वद नंबरचं गिअर ऑइल) असं कोणी म्हणलं तर हसून सोडून द्या. सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा कुठल्या ऑइलला बांधल्यात ते त्या-त्या बॉक्सच्या पानावरच असतं.

डिफरन्शियलचा रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) शोधायला काही उघडावं लागत नाही. सपाट जागा बघा, पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने रेघ मारा, टायरवर एक रेघ मारा. आता उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि खाली कोणाला तरी शाफ्टचे फेरे मोजायला बसवा. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने दोन फेऱ्यांत क्राऊन (डिफरन्शियलमधला मोठा गिअर) एकदाच फिरतो, म्हणून शाफ्टचे जेवढे फेरे तेवढाच रेशो. साडेचारच्या थोडं पुढे गेला तर ९/४१ ची जोडी असू शकते, ४१ ला ९ ने भागून बघा, ४.५६ येतं. पावणेचारच्या आत थांबला तर ११/४१ म्हणजे ३.७३. जुन्या बाजारातून क्राऊन-पिनियन आणताना हा आकडा हातात नसेल तर गाडी एकतर चढावर दम टाकते नाहीतर हायवेवर ओरडते.

बरं, आता मॅन्युअल म्हणजे नक्की काय मागायचं. डॅशबोर्डच्या खणात असतं ते ओनर्स मॅन्युअल, त्यात ऑइल किती-कुठलं, हवा किती, फ्यूज कुठला, सर्व्हिस किती किलोमीटरला एवढंच असतं, पण कमी समजू नका, रोजच्या वापरातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच असतात आणि ते पुस्तक लोक गाडी विकताना रद्दीत घालतात. दुसरं वर्कशॉप किंवा सर्व्हिस मॅन्युअल, त्यात टॉर्क, क्लिअरन्स, झीज किती चालेल ती मर्यादा, हे डीलरच्या मेकॅनिकसाठी असतं. तिसरं पार्ट्स कॅटलॉग, आणि मला विचाराल तर एकच पुस्तक मिळणार असेल तर हे घ्या. त्यात प्रत्येक असेंब्लीचं सुटं-सुटं करून काढलेलं चित्र असतं, कुठला वॉशर कुठल्या बाजूला, सर्कलिप आधी का बेअरिंग आधी, सगळं दिसतं, मराठी-इंग्रजीचा प्रश्नच येत नाही. शिवाय पार्ट नंबरसमोर "अमुक चेसिस नंबरपर्यंत" आणि "अमुकपासून पुढे" असं असतं. मघाशी काढलेली पेन्सिल प्रिंट इथं कामाला येते. एखादा नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा आला असेल तर काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरवर बघून सांगतो, त्यामुळे जुना नंबर "मिळत नाही" म्हणलं तरी नवा विचारून घ्या.

कुठं मिळतं? कंपनीच्या वेबसाईटवर आणि डीलरच्या पार्ट काउंटरवर आधी विचारा. जुने कागदी कॅटलॉग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट लाइनीत जुन्या दुकानदारांकडे असतात, विकत देणार नाहीत पण पार्ट घेतला तर दोन पानांचा फोटो काढू देतात. पान नीट सपाट धरून, वरचा फिगर नंबर येईल असा फोटो काढा, नाहीतर घरी येऊन कळत नाही हे क्लचचं पान होतं का गिअरबॉक्सचं. कुर्ल्याला स्क्रॅपमध्ये जाणार असाल तर पार्ट नंबर लिहून न्या, बोलून सांगितलं तर तिथं सगळंच "बोलेरोचंच आहे साहेब".

मॅन्युअल हातात आलं की पहिली अडचण मापांची. जुन्या पुस्तकात टॉर्क केजीएममध्ये (किलोग्रॅम-मीटर), परदेशी पुस्तकात पाउंड-फूटमध्ये आणि तुमच्या टॉर्क रेंचवर एनएम. १ केजीएम म्हणजे ९.८१ एनएम, १ पाउंड-फूट म्हणजे १.३५६ एनएम. १० केजीएम म्हणजे ९८ एनएम, म्हणजे साधारण ७२ पाउंड-फूट. ही ओळ पुस्तकाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. ७२ पाउंड-फूटचे ७२ एनएम केले तर हेड ढिलं राहतं आणि महिनाभरात रेडिएटरला बुडबुडे. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, आणि बोल्टच्या आट्यांना ऑइल लावायचं का कोरडं बसवायचं हे पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, कारण त्याच टॉर्कला ऑइल लावलेला बोल्ट जास्त ताणला जातो.

दुसरी अडचण पान्यांची. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात विलिज जीपपासून, आणि वर ट्रॅक्टरचं रक्त, त्यामुळे जुन्या गाड्यांत इंचाचे बोल्ट निघतात. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की कोपरे गोल करतो. ९/१६ म्हणजे १४.२९, १४ जात नाही आणि १५ खेळतो. ३/४ मात्र १९.०५ आहे, तिथं १९ चालून जातो. बोल्टचं डोकं बघून पण कळतं, ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर मिमीचा, मधून निघालेल्या तीन किंवा सहा रेघा असतील तर इंचाचा, तीन रेघांचा ग्रेड ५, सहाचा ग्रेड ८. एक इंची रिंग पान्यांचा सेट घ्या, महाग नाहीये. आणि मिमीचा बोल्ट इंचाच्या भोकात "बसतोय की" म्हणून कधी घालू नका.

लेथवाल्याकडे गेल्यावर भाषा अजून बदलते. तो म्हणेल "क्रँक दहाचा झालाय, आता वीसचा करावा लागेल". क्रँक किती घासून बारीक केला त्याचे हे हजारांश इंच आहेत, दहा म्हणजे ०.०१० इंच म्हणजे ०.२५ मिमी, वीस म्हणजे ०.५० मिमी. बेअरिंगच्या पाठीवर पण हाच आकडा असतो, जुनं बेअरिंग काढलं की पुसून बघा, आधीच्या मालकाने इंजिन कितव्यांदा बांधलंय ते तिथं लिहिलेलं असतं. घासण्याआधी शेवटची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपबद्दल थोडं. गॅप किती ठेवायचा, इंजिन थंड का गरम, हे आपल्या इंजिनाच्या पानावरूनच घ्या, तो मी इथं देत नाही कारण डीआय, टर्बो आणि प्यूजो तिघांना एकच आकडा लावायची सवय वाईट. पण पद्धत सगळ्या चार सिलिंडरला एकच. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. इंजिन हाताने फिरवत राहा, ४ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की १ नंबरचे दोन्ही टॅपेट सेट करा. २ चे हलले की ३ चे, १ चे हलले की ४ चे, ३ चे हलले की २ चे. बेरीज कायम पाच. आणि यातली मजा म्हणजे सिलिंडर फॅनकडून मोजा का फ्लायव्हीलकडून, हा नियम मोडत नाही, त्यामुळे प्यूजोवाल्यांनी निदान इथं तरी घाबरायचं कारण नाही. फिलर गेजची पट्टी ओढताना थोडी अडली पाहिजे, नट आवळल्यावर परत एकदा घालून बघा कारण आवळताना स्क्रू फिरतोच.

मेकॅनिकल पंपाच्या अंगावर छोटी प्लेट असते, तिचा फोटो काढून ठेवा, ग्रीस पुसून, टॉर्च लावून. मायको लिहिलेलं असो किंवा बॉश, कंपनी तीच, २००८ मध्ये मायकोचं नाव बॉश लिमिटेड झालं. पंप व्हीई जातीचा असेल तर त्यावर व्हीई ४/११ एफ असं काहीतरी आणि पुढे आकडा असतो, ४ म्हणजे सिलिंडर, नंतरचा प्लंजरचा मिमी, एफ म्हणजे मेकॅनिकल गव्हर्नर, पुढचा आकडा पंपाचा आरपीएम. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ३२०० च्या इंजिनाला पंप १६०० फिरणार, हे डोक्यात ठेवून आकडा वाचा. पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला दिला की तो या प्लेटवरच्या नंबरावरून टेस्ट शीट काढतो. प्लेट गायब असेल तर तो अंदाजाने डिझेल वाढवून देतो, गाडी दोन दिवस पळते आणि मग काळा धूर.

सगळ्याच पार्टला गाडीचा पार्ट नंबर लागत नाही, हे मिस्त्री लोक सांगत नाहीत. बेअरिंगवर स्वतःचा नंबर असतो, ६२०४ म्हणजे २० × ४७ × १४ मिमी, ६२०५ म्हणजे २५ × ५२ × १५, जगात कुठंही घ्या तेच माप, अल्टरनेटरमध्ये असो का पंपिंगच्या मोटरमध्ये. ऑइल सीलवर पण आतला व्यास, बाहेरचा आणि जाडी छापलेली असते. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी, ८७ म्हणजे दिव्याला-हॉर्नला जाणारी, ८५-८६ मध्ये रिलेची कॉइल. याच जर्मन पद्धतीत १५ म्हणजे चावीनंतरची, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फला जाणारी. वायरिंग डायग्राम नाही मिळाला तरी हे आकडे आणि एक टेस्ट लॅम्प यावर अर्धी वायरिंग शोधता येते. वायरच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका, जुन्या पिकअपला आधीच्या इलेक्ट्रिशियनने हाताला लागली ती वायर लावलेली असते.

टायरबद्दल पटकन. २१५/७५ आर१५ चा बाहेरचा व्यास साधारण ७०३ मिमी आणि २३५/७५ आर१५ चा ७३३. मोठे टायर घातले की गाडी स्पीडोमीटरपेक्षा चार टक्क्यांच्या वर जास्त पळते आणि रेशो तेवढाच लांब होतो. हवा केजीमध्ये सांगणाऱ्या दुकानात १ केजी म्हणजे १४.२ पीएसआय धरा. मागचे पाटे वाढवून माल जास्त भरणाऱ्यांनी आरसीवरचं एकूण वजन वजा रिकामं वजन एवढंच गणित करून बघावं, टायरवरच्या लोड इंडेक्सशी (टायर किती वजन पेलतो तो आकडा) जुळवून, पुढचं आपापलं ठरवा.

हे सगळं एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत उतरवा, गाडीमागे एक वही, मोबाईलमध्ये ठेवलं तर मोबाईल बदलला की गेलं. पहिल्या पानावर इंजिनाचं नाव, सीसी, बोअर-स्ट्रोक, बीएस किती, चेसिसची पेन्सिल प्रिंट चिकटवलेली, गिअरबॉक्सचं नाव, मोजलेला रेशो, पंपाच्या प्लेटवरचा नंबर. पुढच्या पानांवर जे काम केलं त्याची तारीख, किलोमीटर, टाकलेल्या पार्टचा नंबर, आणि डब्यावरचं लेबल कापून चिकटवलं तर उत्तमच. ऑइल बदलताना रिकामं झालेल्या इंजिनात डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत फिल्टरसकट प्रत्यक्षात किती लीटर गेलं तेही लिहा. क्रँक किती साइझचा, लायनर-पिस्टनचा किट कुठल्या कंपनीचा, हेड फेसिंग केलं असेल तर किती घासलं, हे लेथवाल्याकडून बिलावर लिहूनच घ्या आणि बिल त्या पानाला स्टेपल करा. बिलावर नुसतं "इंजिन काम" लिहून देत असेल तर पैसे द्यायच्या आधी परत लिहून मागा.